उणे २५ अंशांच्या थंडीत हीट पंपाने घर उबदार राहते का? ओटावातील मुलीच्या घरासाठी सल्ला हवा आहे

निवृत्त शिक्षक, खानापूर

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. माझी धाकटी मुलगी आणि जावई कॅनडातील ओटावा येथे राहतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तेथे एक जुने दुमजली घर विकत घेतले. घराच्या तळघरात नैसर्गिक वायूवर चालणारी भट्टी आहे. तिकडे तिला फर्नेस म्हणतात. ती हवा तापवते आणि पत्र्याच्या चौकोनी नळांतून सगळ्या खोल्यांत सोडते. ही भट्टी आता जुनी झाली असून, पुढचा हिवाळा सुरू होण्याआधी ती बदलून घ्या, असे दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितले आहे. तिच्या जागी विजेवर चालणारा हीट पंप बसवावा, असे जावयांचे म्हणणे आहे, तर मुलीच्या मनातून भीती जात नाही, कारण घरात दोन वर्षांची नात आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी त्यांच्याकडे महिनाभर राहिलो होतो. एके दिवशी सकाळी मागच्या दाराच्या पितळी मुठीवर, म्हणजे घराच्या आतल्या बाजूला, दुधावरच्या सायीसारखा बर्फाचा पातळ थर धरलेला मी पाहिला. बाहेर उणे २४ अंश होते. आपल्याकडे डिसेंबरात पारा १३-१४ अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो, त्यामुळे ती थंडी शब्दांत सांगणे मला अवघड वाटते.

माझी अडचण अशी आहे. हे यंत्र म्हणे बाहेरच्या हवेतली उष्णता काढून घरात आणते. आयुष्यभर मुलांना शिकवले की उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. मग उणे २४ अंशांच्या हवेत उष्णता असते तरी कोठे, आणि असली तरी ती २१ अंशांच्या खोलीत कशी शिरते? समजा शिरत असेल, तर ऐन कडाक्यात हे यंत्र पुरे पडते का, आणि विजेचे बिल गॅसपेक्षा फार वाढते का? या विषयातील जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास मोठे उपकार होतील.

साखर कारखान्यातील अभियंता, संकेश्वर

गुरुजी, नमस्कार. आपण मुलांना शिकवले ते बरोबरच आहे. उष्णता आपल्या आपण गरमाकडून थंडाकडेच जाते. पाणीसुद्धा आपल्या आपण उताराकडेच जाते, पण आमच्या भागात हिरण्यकेशीचे पाणी मोटार लावून वरच्या रानात चढवले जाते आणि त्याला आपण उपसा म्हणतो. हीट पंप म्हणजे उष्णतेचा उपसा. नदीकाठची मोटार पाणी तयार करत नाही, ती फक्त ते उचलून वर पोचवते. हे यंत्रही उष्णता तयार करत नाही, तर बाहेर आहे ती उचलून आत आणून टाकते. विजेचा खर्च होतो तो उचलण्यासाठी.

बाहेरच्या हवेत उष्णता कोठे असते, हा आपला प्रश्न रास्त आहे. शून्य अंश सेल्सिअस ही पाणी गोठण्याची खूण आहे, तेथे उष्णता संपत नाही. उष्णता खऱ्या अर्थाने संपते ती उणे २७३ अंशांवर. त्या मोजमापाने पाहिले तर उणे २४ अंशांची हवा २४९ अंशांवर आहे आणि आपल्या मुलीची खोली २९४ अंशांवर आहे. म्हणजे तेथील नदीला पाणी भरपूर आहे, फक्त काठ खोल आहे. याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच उभा आहे. फ्रिजचा बर्फाचा कप्पा उणे १८ अंशांच्या आसपास असतो. फ्रिज चालू असताना त्याच्या बाजूच्या पत्र्यावर हात ठेवून पाहा, तो कोमट लागेल. जुन्या फ्रिजला ही ऊब पाठीमागच्या काळ्या जाळीत सापडते. त्या उबेतला एक भाग कॉम्प्रेसरला लागलेल्या विजेचा आहे, पण उरलेली सगळी उष्णता त्या थंड कप्प्यातून काढलेली आहे.

आता हे घडते कसे, ते पाहू. यंत्रात बंद नळ्यांतून एक शीतक फिरत असते. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात. हल्ली बऱ्याच यंत्रांत आर-३२ नावाचा गॅस असतो आणि तो साध्या दाबाखाली उणे ५२ अंशांच्या सुमारास उकळतो. बाहेरच्या जाळीत त्याचा दाब कमी ठेवून त्याला उणे ३०-३५ अंशांपर्यंत थंड केले, तर उणे २४ अंशांची हवाही त्याच्या दृष्टीने गरमच ठरते. त्या हवेची उष्णता घेऊन तो उकळतो, त्याची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो. सायकलच्या पंपाने हवा भरताना नळीचे टोक तापते, हा अनुभव सर्वांना आहे. दाबलेली वाफ अशीच तापून ४०-५० अंशांच्या वर जाते, घरातल्या जाळीत येते, तेथे खोलीच्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होते आणि एका बारीक झडपेतून दाब उतरवून बाहेर परतते. आपला नियम प्रत्येक टप्प्यावर पाळला जातो. उष्णता प्रत्येक वेळी गरमाकडून थंडाकडेच गेलेली असते.

माझे आयुष्य बॉयलिंग हाऊसमध्ये, म्हणजे कारखान्यात रस आटवतात त्या विभागात, गेले आहे, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुऱ्हाळावर काहिलीतून वाफेचे लोट उठतात आणि आढ्यातून निघून जातात. चुलवाणातून रसाला मिळालेली बहुतेक उष्णता त्या वाफेबरोबर निघून जाते. कारखान्यात आम्ही पहिल्या भांड्यातील वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवण्यासाठी वापरतो. पण त्याच वाफेला दाबून तिचे तापमान वाढवले, तर तीच वाफ ज्या भांड्यातून निघाली त्याच भांड्याला पुन्हा उकळवू शकते. हीच कल्पना पेटर फॉन रिटिंगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने मिठाचे पाणी आटवण्यासाठी वापरली आणि १८५७ मध्ये एबेनझे येथील मिठागरात तसे यंत्र उभे केले. कल्पना म्हणून उष्णतेचा उपसा लॉर्ड केल्विन यांनी त्याआधी, १८५२ मध्येच, मांडला होता. झुरिकचे नगरभवन १९३८ पासून शेजारच्या लिमॅट नदीच्या पाण्यातील उष्णता उपसून तापवले जात असे. सांगायचे एवढेच की जावई ज्या यंत्राचा विचार करीत आहेत, त्यामागचे तत्त्व चांगले जुने आणि पारखलेले आहे.

आता बिल आणि पुरे पडण्याचा प्रश्न. उपसा करणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असते की हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, वाढले की तीच मोटार तासाला कमी पाणी टाकते. नदी दहा फूट खाली असेल तर पाइप भरून वाहतो, साठ फूट खाली असेल तर तीच धार बारीक होते. येथे हेड म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक. बाहेर ७-८ अंश असताना चांगले यंत्र विजेच्या एका युनिटमागे साडेतीन ते चार युनिटांइतकी उष्णता आत आणते. उणे १५ अंशांना हे प्रमाण दोन-अडीचच्या आसपास येते आणि उणे २५ अंशांना दीड ते दोनच्या दरम्यान. साधा विजेचा हीटर मात्र कोणत्याही हवामानात एका युनिटला एकच युनिट उष्णता देतो. त्यामुळे ‘थंडीत हीट पंप चालत नाही’ हे विधान खरे नाही, पण ‘थंडीत त्याची धार बारीक होते’ हे खरे आहे, आणि नेमकी त्याच वेळी घराची मागणी सर्वांत जास्त असते. यंत्राची धार आणि घराची मागणी या दोन रेषा कोठे एकमेकींना छेदतात, ते आधी काढले पाहिजे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर, असलेली, खास थंड प्रदेशासाठी बनवलेली यंत्रेच पाहावीत. त्यांतील काही उणे २५ ते उणे ३० अंशांपर्यंत चालतात. ओटावापासून फार दूर नसलेल्या अमेरिकेतील मेन राज्याने २०२५ पर्यंत १ लाख हीट पंप बसवण्याचे लक्ष्य ठेवले होते आणि ते २०२३ मध्येच गाठले. तेथील हिवाळाही काही सौम्य नसतो.

बिलासाठी एक सोपा हिशेब देतो. एक घनमीटर नैसर्गिक वायू चांगल्या भट्टीत जाळला की घराला साधारण ९.८ युनिटांइतकी उष्णता मिळते. हीट पंपाची हिवाळाभराची सरासरी अडीच धरली, तर तेवढ्याच उष्णतेला ३.९ युनिट वीज लागेल. म्हणून मुलीने गॅस आणि वीज ही दोन्ही बिले समोर घ्यावीत. एका घनमीटर गॅसचा सर्व आकारांसह दर ३.९ युनिट विजेच्या दरापेक्षा जास्त असेल, तर हीट पंप स्वस्त पडेल, कमी असेल तर महाग. कॅनडाने १ एप्रिल २०२५ पासून घरगुती इंधनावरील कार्बन आकार काढून टाकल्यामुळे गॅस थोडा स्वस्त झाला आहे, तेव्हा त्याआधीची बिले घेऊन हिशेब करू नये. गॅसची जोडणी पूर्ण बंद केली तर दरमहाचा स्थिर आकार वाचतो, तोही धरावा. धुराचा विचार केला तर निवाडा सरळ हीट पंपाच्या बाजूने आहे. ओटावा ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोने कोळशावरची वीज २०१४ मध्ये बंद केली आणि तेथील बहुतांश वीज अणुऊर्जा व जलविद्युत यांतून येते.

एक विनंती. यंत्राची किंमत विचारण्याआधी घराची गळती पाहा. पाट पाझरत असेल तर मोठी मोटार घेऊन काय उपयोग?

निपाणीची लेक, सध्या ट्रॉन्डहाइम

काका, नमस्कार. मी मूळची निपाणीची आणि गेली नऊ वर्षे नॉर्वेत आहे. येथे निम्म्याहून अधिक घरांत हीट पंप आहेत. आमच्या आळीत ज्याच्या भिंतीवर हीट पंपाची बाहेरची पांढरी पेटी नाही, असे घर शोधावे लागेल. २०२० पासून येथे इमारती तापवण्यासाठी खनिज तेल जाळायला बंदी आहे. त्याआधीपासूनच लोक विजेच्या साध्या हीटरवरून हीट पंपाकडे वळले होते, कारण त्यात बिल थेट कमी होते. आपल्या मुलीच्या घरी गॅस आहे, त्यामुळे तिची बचत आमच्याइतकी ठळक दिसणार नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तांत्रिक बाजू वरच्या सरांनी छान समजावली आहे, म्हणून मी रोजच्या वापराचे लिहिते. पहिल्या हिवाळ्यात मला सर्वांत जास्त घाबरवले ते बर्फ वितळवण्याच्या फेरीने. एके सकाळी बाहेरची पेटी अचानक थांबली, आतली वाऱ्याची झुळूक बंद झाली, भिंतीतून ‘फुस्स’ असा आवाज आला आणि खिडकीतून पाहते तर पेटीतून पांढऱ्या वाफेचा मोठा ढग वर चढत होता. मला वाटले, आग लागली. शेजारच्या आजींनी येऊन सांगितले की हे रोजचेच आहे. बाहेरच्या थंड जाळीवर हवेतला ओलावा गोठून हिमाचा थर धरतो आणि त्यामुळे हवा आत जाईनाशी होते. मग यंत्र काही मिनिटांपुरते उलटे फिरते, घरातली थोडी उष्णता बाहेर नेऊन तो थर वितळवते आणि पुन्हा कामाला लागते. गंमत अशी की हा त्रास उणे २० अंशांच्या कोरड्या थंडीत कमी असतो. शून्य ते तीन अंशांच्या दमट दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात चोर्ल्याच्या घाटात असते तशी कोंदट ओली हवा असताना, तो सर्वांत जास्त होतो.

वितळलेले पाणी खाली ठिबकते आणि लगेच गोठते. आमच्या पेटीखाली पहिल्या वर्षी गुडघ्याएवढा बर्फाचा उंचवटा तयार झाला आणि तो पंख्याला टेकायला आला होता. म्हणून पेटी जमिनीवर ठेवू नये, नेहमी साचणाऱ्या बर्फाच्या पातळीपेक्षा वर, लोखंडी चौकटीवर बसवावी, तिच्यावर लहान छप्पर करावे, खालच्या तबकाला तापणारी तार असावी आणि ते पाणी पायवाटेवर येऊ नये. लहान मूल घरात आहे, तर या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे.

आणखी एक सवय बदलावी लागते. भट्टीची हवा कडक गरम येते, हीट पंपाची हवा कोमट असते आणि सतत मंद वाहते. सुरुवातीला वाटते की यंत्र कामच करत नाही. पण भिंती, फरशी, पलंग सगळे सारख्या उबेत राहते आणि थोड्याच दिवसांत तेच बरे वाटू लागते. रात्री तापमान खूप उतरवून सकाळी एकदम चढवू नये. तसे केले की पहाटे, म्हणजे सर्वांत थंड वेळी, यंत्रावर सगळा भार येतो. आतली जाळी दर काही आठवड्यांनी धुवावी. आमच्याकडे कधीतरी पारा उणे १५-२० पर्यंत जातो, तेव्हा आम्ही संध्याकाळी लाकडाची शेगडीही पेटवतो. येथे बहुतेकांच्या घरात ती असते आणि हीट पंप घेतला म्हणून कोणी ती काढून टाकत नाही.

माजी सुभेदार, बेळगाव

गुरुजींना रामराम. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो आणि लडाखमध्ये हिवाळे काढले आहेत. माझे मत वरच्या दोघांपेक्षा थोडे वेगळे आहे, ते कृपया समजून घ्यावे.

आम्ही रॉकेलची बुखारी वापरत असू. तिच्या धुराने सकाळी नाकपुड्या काळ्या होत आणि झोपताना हवेसाठी फट उघडी ठेवण्याची सक्त ताकीद असे, कारण बंद खोलीत जळणाऱ्या बुखारीचा विषारी वायू झोपेतच माणसाचा जीव घेतो. त्यामुळे घरात काही न जाळता ऊब देणारे यंत्र असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे, हे मी मनापासून मान्य करतो. पण थंडीत एका गोष्टीवर विसंबून राहायचे नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवले गेले. वीज गेली तर काय करणार? जानेवारी १९९८ मध्ये ओंटारियोच्या पूर्व भागात आणि शेजारच्या क्वेबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाने विजेचे मनोरे मोडून पडले होते आणि कित्येक घरे दिवसेंदिवस, काही तर आठवडे, अंधारात होती. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन उणे २० अंशांत अशी रात्र काढणे ही चेष्टा नाही. माझा सल्ला असा की गॅसची भट्टी काढू नये.

साखर कारखान्यातील अभियंता, संकेश्वर

सुभेदारसाहेब, आपली काळजी खरी आहे आणि त्या वादळाचे उदाहरणही योग्य आहे. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुरुजींच्या मुलीकडची भट्टी हवा फेकणारी आहे. तिचा पंखा, तिची ठिणगी आणि तिचा नियंत्रक हे सगळे विजेवरच चालते. वीज गेली की गॅस असूनही ती भट्टी थंडच पडणार. म्हणून वीज जाण्याची तरतूद दोन्ही बाबतींत वेगळी करावीच लागेल: धुराड्याची नीट सोय असलेली लाकडाची शेगडी, किंवा घराबाहेर ठेवायचा जनरेटर. जनरेटर तळघरात किंवा मोटारीच्या खोलीत कधीही चालवू नये. बुखारीचा जो धोका आपण सांगितला, तोच तेथे असतो. भट्टीचा पंखा लहान जनरेटरवर चालतो, हीट पंपाला मोठा लागतो. हा फरक मात्र आपल्या बाजूने आहे, आणि भट्टी राखीव ठेवून वर्षातील बहुतेक दिवस हीट पंप चालवायचा, हा मधला मार्ग तिकडे पुष्कळ लोक घेतात.

एसी-फ्रिज दुरुस्ती, उद्यमबाग

मी बेळगावात एसी आणि हॉटेलांच्या गरम पाण्याचे हीट पंप बसवतो, म्हणून बसवणाऱ्याच्या बाजूने तीन-चार गोष्टी लिहितो. पत्रकावर घर तापवण्याची जी क्षमता ठळक छापलेली असते, ती बाहेर ८ अंशांच्या आसपास असतानाची असते. ती पाहून यंत्र घेऊ नये. कंपनीच्या सविस्तर तक्त्यात उणे १५ आणि उणे २५ अंशांना किती किलोवॅट मिळतात, तो आकडा लेखी मागावा. जो ठेकेदार तो तक्ता दाखवत नाही, त्याला काम देऊ नये.

दुसरे म्हणजे हवेचे नळ. कोमट हवेने तेवढीच उष्णता पोचवायची असेल तर हवा जास्त लागते. जुन्या भट्टीचे नळ अरुंद असले, तर नवे यंत्र कितीही चांगले असून वरच्या मजल्यावरची खोली गारच राहते आणि दोष यंत्राला दिला जातो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या अशाच असतात: यंत्र ठीक, पण हवेची वाट चुकलेली. नळांचे जोड तळघरातच गळत असतील तर ते पट्टी लावून आधी बंद करावेत. आणि बाहेरची पेटी झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली बसवू नये. रात्रीच्या शांततेत तिची घरघर जाणवते. उन्हाळ्यात हेच यंत्र उलटे फिरून एसीचे काम करते, त्यामुळे एसीचा वेगळा खर्च वाचतो. हिशेबात तोही धरावा.

निवृत्त शिक्षक, खानापूर

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. उपशाचे उदाहरण वाचून माझ्या डोक्यातला गोंधळ एका क्षणात सुटला. फ्रिजच्या पत्र्यावर हात ठेवूनही पाहिला. मी सगळे उतारे मुलीला पाठवले. तिचा प्रश्न असा आहे की घराला नेमकी किती उष्णता लागते, हे कसे काढायचे? तेथे ठेकेदार आला, त्याने घराचे क्षेत्रफळ विचारले आणि उभ्या उभ्या आकडा सांगून गेला.

साखर कारखान्यातील अभियंता, संकेश्वर

केवळ क्षेत्रफळावरून काढलेला आकडा स्वीकारू नये. खोलीवार उष्णतेचा हिशेब करून देणारे लोक तिकडे असतात, तो करून घ्यावाच. पण त्याआधी घरबसल्या एक चांगला अंदाज मिळू शकतो, कारण जुनी भट्टी हीच आपली मापपट्टी आहे. कडाक्याच्या रात्री, पहाटे चार ते सहा या वेळेत, भट्टी एकूण किती मिनिटे पेटली ते टिपावे. थर्मोस्टॅटला हात लावू नये, बाहेरचे आणि आतले तापमान लिहून ठेवावे, आणि भट्टीच्या आतल्या पट्टीवरचा ‘आउटपुट’ आकडा कळवावा. भट्टी एकाच जोराने पेटणारी असेल, तरच ही रीत बरोबर उत्तर देते.

दुसरे काम याहून सोपे आहे. वारा असलेल्या दिवशी एक उदबत्ती पेटवून खिडक्यांच्या चौकटी, दारांच्या फटी, विजेची बटणे आणि पोटमाळ्याचे झाकण यांच्याजवळ धरावी. धूर सरळ वर न जाता वाकला किंवा खेचला गेला, तर तेथे गळती आहे.

निवृत्त शिक्षक, खानापूर

सर, काल मुलीचा फोन आला. शनिवारी पहाटे बाहेर उणे २२ अंश होते, आत २१. दोन तासांत भट्टी एकूण ५० मिनिटे पेटली. भट्टी एकाच जोराने पेटते आणि पट्टीवर आउटपुट ताशी ७६,००० बीटीयू (हे उष्णतेचे एक माप) असे लिहिले आहे.

साखर कारखान्यातील अभियंता, संकेश्वर

गुरुजी, मुलीने अगदी नेटके मोजमाप केले आहे. ७६,००० ला ५० ने गुणून १२० ने भागले की ताशी सुमारे ३१,७०० बीटीयू येतात, म्हणजे ९.३ किलोवॅट. आत-बाहेरचा फरक ४३ अंशांचा होता, म्हणजे प्रत्येक अंशामागे घर ०.२२ किलोवॅटच्या आसपास उष्णता गमावते. यावरून उणे १० अंशांना ६.७ किलोवॅट आणि उणे २५ अंशांना जवळजवळ १० किलोवॅट लागतील. भट्टी मात्र ७६,००० बीटीयूची, म्हणजे २२ किलोवॅटची आहे. गरजेच्या दुपटीहून मोठी. ठेकेदार याच भट्टीच्या आकड्याला साजेसे यंत्र सुचवत असेल, तर ते फार मोठे होईल, सतत चालू-बंद होत राहील आणि वीजही जास्त खाईल.

आता उद्यमबागच्या भावांनी सांगितलेला तक्ता मागवावा. समजा एखादे यंत्र उणे १० अंशांना ८ किलोवॅट आणि उणे २५ अंशांना ७ किलोवॅट देते. मग हिवाळ्यातील बहुतेक दिवस ते एकटे पुरेल आणि मोजक्या रात्री ३ किलोवॅट कमी पडतील. तेवढ्यासाठी हवेच्या नळात ५ किलोवॅटची विजेवर तापणारी पट्टी बसवली तरी भागते. तिला २४० व्होल्टवर २१ अँपिअर लागतात, म्हणून जुन्या घराची मुख्य जोडणी किती अँपिअरची आहे, ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. विजेची पट्टी नको असेल, तर सुभेदारसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे लहान गॅस भट्टी राखीव ठेवावी. गॅसचा दर आणि घरातले लहान मूल, या दोन्हींचा विचार करता माझा स्वतःचा कौल या दुसऱ्या पर्यायाला आहे. जावयांनी यावर नाराज होऊ नये. वर्षातील बहुतेक उष्णता तरीही हीट पंपच देईल.

उदबत्तीचे काय झाले?

निवृत्त शिक्षक, खानापूर

उदबत्ती लावली. खिडक्या चांगल्या निघाल्या. मागच्या दाराच्या खालच्या फटीत धूर थोडा वाकला, पण पोटमाळ्याच्या झाकणाजवळ धरली तेव्हा धुराची रेघ सुतासारखी ताणली जाऊन सरळ फटीत गेली, असे मुलीने सांगितले. जावयांनी शिडी लावून झाकण उचलले, तर त्याच्या पाठीवर काहीच नव्हते, उघडी लाकडी फळी. माळ्यावरचा उष्णतारोधक कापूसही एका कोपऱ्यात दबून चपटा झाला आहे.

त्यांनी असे ठरवले आहे की या आठवड्यात झाकणाच्या कडेला रबरी पट्टी लावायची, पाठीवर जाड थर बसवायचा आणि माळ्यावर नवा कापूस पसरून घ्यायचा. मार्च उजाडण्यापूर्वी आणखी एक कडाक्याची रात्र येईलच, तेव्हा पहाटे चार ते सहा पुन्हा मिनिटे मोजून मी तो आकडा येथे लिहीन. ठेकेदाराला त्यानंतरच बोलावणार आहेत.